परतीचं दार

सतरा वर्षांच्या मुलाला आपला कायदा काय काय करू देत नाही, याची यादी बरीच लांब आहे. तो मतदान करू शकत नाही. गिअरची बाइक चालवू शकत नाही. स्वतःच्या नावावर हप्त्याने फोन घेऊ शकत नाही, कारण १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार अज्ञान व्यक्ती करार करायला पात्र नसते. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बिबी खटल्यात तर स्पष्टच सांगितलं, की अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. पण हाच मुलगा एनडीएत जाऊ शकतो. तिथे प्रवेशाचं वय साडेसोळा ते साडेएकोणीस. अग्निवीर व्हायला किमान साडेसतरा. म्हणजे फोनचा हप्ता ठरवण्याएवढी अक्कल याला अजून आलेली नाही असं म्हणणारं राज्यच, आयुष्य कुठे घालवायचं हे ठरवण्याएवढी अक्कल त्याला आहे असंही म्हणतं.

याला लगेच ढोंग म्हणायचं कारण नाही. सैन्याला तरुण शरीर आणि घडू शकणारं मन लागतं, आणि ते तिशीत मिळत नाही. शिवाय इथे कुणी मुलांच्या हातात बंदूक देऊन त्यांना सीमेवर पाठवत नाहीये. सशस्त्र संघर्षातल्या मुलांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २००५ मध्ये मान्य केला, तेव्हाच जाहीर केलं होतं, की प्रशिक्षण झालं तरी अठरा पूर्ण झाल्याशिवाय कुणाला लढाईच्या भागात पाठवलं जात नाही आणि भरती पूर्णपणे ऐच्छिक असते.

मला अडतं ते या 'ऐच्छिक'पाशी. जे आयुष्य मुलाने आतून कधी पाहिलंच नाही, त्याला त्याने दिलेला होकार कितपत त्याचा असतो?

अमेरिकेतल्या लष्करी अकॅडम्यांनी यावर एक सोपं उत्तर काढलंय: आधी दाखवा. अ‍ॅनापोलिसची नेव्हल अकॅडमी उन्हाळ्यात 'समर सेमिनार' भरवते, वेस्ट पॉइंटची लष्करी अकॅडमी 'समर लीडर्स एक्स्पीरियन्स'. शाळेचं शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आधीच्या सुट्टीत निवडक मुलं-मुली साधारण आठवडाभर तिथे जाऊन राहतात. तिथल्याच खोल्यांत झोपायचं, तिथल्याच मेसमध्ये जेवायचं, पहाटे पीटी, दिवसा वर्ग. आठवडा संपला की घरी. अर्ज करायचा की नाही, ते नंतर ठरवायचं.

आपल्याकडची वाट वेगळी आहे. आधी यूपीएससीची लेखी परीक्षा, मग एसएसबीची पाच दिवसांची मुलाखत, मग मेडिकल, आणि मग थेट खडकवासल्याची तीन वर्षं. एसएसबीचे पाच दिवस मुक्कामी असतात खरे, पण तिथे ते तुम्हाला पारखत असतात. तुम्ही त्यांना पारखायला गेलेले नसता. काही वाटा त्याही आधी सुरू होतात. सातारच्या सैनिक स्कूलमध्ये, १९६१ साली सुरू झालेल्या देशातल्या या पहिल्या सैनिक स्कूलमध्ये, मूल सहावीत जातं. राज्य सरकारची औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, सेवा पूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून दहावी झालेल्या मुलांना एनडीएसाठी तयार करते. तिथे अकरावी-बारावी सोबत चालू असते, त्यामुळे एनडीए झालं नाही तरी मुलगा बारावी होऊन बाहेर पडतो. हा तपशील साधा वाटतो, पण तो लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आमच्या पिंपरी-चिंचवडला लष्कर काही लांबचं नाही. देहूरोडला छावणी, दापोडीला कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग, नदीपलीकडे खडकीला बॉम्बे सॅपर्स. जुन्या हायवेवर सिग्नलला पीएमपीच्या बसशेजारी हिरवा ट्रक उभा असतो आणि कुणाला त्याचं विशेष वाटत नाही. पहाटे मोकळ्या रस्त्यांवर भरतीची तयारी करणारी पोरं पळत असतात. आणि मे महिना आला, की विजेच्या खांबांवर पाट्या लागतात: आर्मी कॅम्प, कमांडो कॅम्प, शिस्त आणि व्यक्तिमत्त्व विकास, मर्यादित जागा. जी ओळख अकॅडमी करून देत नाही, ती बाजार करून देतो.

माझा मामेभाऊ गेल्या उन्हाळ्यात अशाच एका शिबिराला गेला. नुकतीच अकरावी झालेली. दहा दिवस होते. चौथ्या रात्री त्याचा मला फोन आला, "दादा, मला न्यायला ये ना." मी मामाला विचारलं. मामा म्हणाला, "फी भरलीये. आणि अख्ख्या सोसायटीला सांगून बसलोय." पोरगा राहिला. शेवटच्या दिवशीच्या संचलनात तो इतका ताठ चालला, की मामीचे डोळे भरून आले. घरी आल्यावर पंधरा दिवस पहाटे पाचला उठत होता, मग बंद झालं. एकदा माझ्या गाडीवर मागे बसलेला असताना म्हणाला, "मला तिथलं सगळं आवडलं, दादा. पण मला ते व्हायचं नाहीये."

हे वाक्य मला फार शहाणं वाटतं. आवडणं आणि व्हायचं असणं, या दोन गोष्टी सतराव्या वर्षी वेगळ्या करता येणं सोपं नाही. पण हे वाक्य त्याने फक्त मला सांगितलंय. मामाच्या डीपीवर अजून त्याचा चट्ट्यापट्ट्यांच्या गणवेशातला फोटो आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, त्यामुळे 'आधी वापरून बघा, मग घ्या' हे तत्त्व माझ्या रोजच्या पोटापाण्याचं आहे. आम्हीही महिनाभराची फ्री ट्रायल देतो. ट्रायलमध्ये सगळं छान चालतं, कारण तिथे खरा डेटा नसतो आणि खरी गर्दीही नसते. ओळखीच्या आठवड्याचंही तसंच आहे. आठवड्यात पहाटेची धाव असते, पण तिसऱ्या वर्षीचा कंटाळा नसतो. बदल्या नसतात, आजारी आईपासून दोन हजार किलोमीटर दूर असणं नसतं, मित्राच्या शवपेटीला खांदा देणं नसतं. सैनिकी आयुष्यातली जड गोष्ट धावणं नाहीच, आणि जी जड आहे ती सात दिवसांत मावत नाही.

पण समजा, कुणी अगदी प्रामाणिक शिबिर भरवलं. कंटाळा दाखवला, वियोग दाखवला. तरी एक अडचण उरते, आणि ती जास्त खोल आहे. अमेरिकन तत्त्वज्ञ एल. ए. पॉल यांनी २०१४ च्या 'ट्रान्सफॉर्मेटिव्ह एक्स्पीरियन्स' या पुस्तकात ती मांडली आहे. काही अनुभव असे असतात, की ते घेतल्याशिवाय कसे आहेत हे कळत नाही, आणि घेतले की घेणारा माणूसच बदलतो. मूल होणं हे त्यांचं गाजलेलं उदाहरण. मूल हवं की नको हे ठरवणारी बाई आणि मूल झाल्यानंतरची बाई, दोघींच्या आवडीनिवडी वेगळ्या असतात. मग निर्णय कुणाच्या आवडीनुसार घ्यायचा?

शिबिरातही हे घडतं, आणि फार पटकन घडतं. विल्यम मॅक्नील नावाचा इतिहासकार १९४१ मध्ये अमेरिकी सैन्यात भरती झाला. टेक्ससमध्ये उन्हात तासन्‌तास कवायत. वैताग यायला हवा होता, पण त्याला चक्क बरं वाटत होतं; आपण मोठे होतोय, इतरांत मिसळून जातोय असं वाटत होतं. त्या कोड्यावर त्याने पुढे १९९५ मध्ये 'कीपिंग टुगेदर इन टाइम' हे अख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याला त्यासाठी पुस्तकाची गरज नाही. ढोल-ताशा पथकात एक सीझन काढलेल्या कुणालाही विचारा. सुरुवातीला खांदा सोलवटतो, हाताला फोड येतात, आणि एका संध्याकाळी पन्नास ढोल एका ठोक्यावर पडतात तेव्हा आपण कोण हे क्षणभर आठवत नाही. आमच्या पट्ट्यातून तर दरवर्षी दोन मोठ्या पालख्या निघतात, देहूहून तुकोबांची आणि आळंदीहून माउलींची. दिंडीत चाललेल्या माणसाला माहीत असतं, की टाळाच्या ठेक्यावर पाय पडायला लागले की मनही त्या ठेक्यावर येतं.

हा अनुभव खोटा नसतो. त्याला कुणी फसवणूक म्हटलं तर मी भांडेन. पण ती माहितीही नसते. शिबिराहून आलेला मुलगा "मला आता कळलं" म्हणतो, तेव्हा काही अंशी त्याला कळलेलं असतं आणि काही अंशी तो बदललेला असतो. किती कळलं आणि किती बदललं, हे वेगळं काढायची चाळणी त्याच्याकडे नसते. आपल्याकडेही नसते.

मग काय, सतराव्या वर्षी कुणी काही ठरवूच नये? असं म्हणायची माझी हिंमत नाही, निदान या भागात राहून तरी नाही. परंपरेने सांगितलेल्या सालांप्रमाणे ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते, आणि आळंदीत समाधी घेतली तेव्हा एकवीस. चिंचवडच्या चापेकर बंधूंपैकी धाकटे वासुदेव १८९९ मध्ये फासावर गेले, तेव्हा वयाच्या विशीच्याही आत होते. ज्या चौकातून आम्ही रोज ऑफिसला जातो, तो या भावांच्या नावाने ओळखला जातो. कोवळ्या वयात घेतलेल्या अपरिवर्तनीय निर्णयांना हात जोडत आम्ही मोठे झालो आहोत. सतरा वर्षांचा माणूस खऱ्या अर्थाने काही ठरवू शकतो, हे नाकारलं तर या सगळ्यांचा अपमान होईल.

पण एक फरक आहे. ज्ञानेश्वरांना किंवा वासुदेवांना कुठल्या संस्थेने बोलावलं नव्हतं. त्यांचे निर्णय त्यांच्या आतून आणि त्यांच्या घराच्या परिस्थितीतून आले. कुणी त्यांच्यासाठी माहितीपत्रक छापलं नव्हतं, आणि त्यांच्या निर्णयाचा लाभ ठरलेल्या वेळापत्रकाने घेणारं कुणी पलीकडे बसलं नव्हतं. संस्था जेव्हा कोवळ्या मुलाला बोलावते आणि त्याचा होकार स्वीकारते, तेव्हा नैतिक ओझं सरकून संस्थेकडे येतं. मुलगा पुरेसा मोठा आहे का, हा प्रश्न मग दुय्यम होतो. त्याचा होकार घेणारा पुरेसा मोठा आहे का, हे आधी पाहावं लागतं.

ते मोजायला आपल्याकडे कागद आहेत. एनडीएत प्रवेश घेताना पालकांना दोन गोष्टींवर सही करावी लागते, यूपीएससीच्या जाहिरातीतच ते लिहिलेलं असतं. एक प्रमाणपत्र असतं: प्रशिक्षणात किंवा प्रशिक्षणामुळे मुलाला इजा झाली, तर सरकारकडे नुकसानभरपाईचा हक्क सांगता येणार नाही, याची आपल्याला पूर्ण कल्पना आहे. दुसरा असतो बाँड: मुलाने स्वतःच्या हातातल्या कारणाने प्रशिक्षण अर्धवट सोडलं, तर त्याच्यावर झालेला खर्च पालक भरतील. मुलगा अज्ञान असू शकतो, म्हणून सही बापाची. दोन्ही कागद एकत्र वाचले की एक चित्र दिसतं. तू स्वतः बाहेर पडलास तर तू आमचं देणं लागतोस. तू मोडून बाहेर पडलास तर आम्ही तुझं काही देणं लागत नाही.

हे चित्र कागदावरच राहिलेलं नाही. प्रशिक्षणात गंभीर जखमी झालेल्या आणि वैद्यकीय कारणावरून घरी पाठवलेल्या कॅडेटांची अवस्था वर्तमानपत्रांतून समोर आली, तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मुद्दा असा होता: कमिशन मिळेपर्यंत कॅडेट हा सैनिक नसतो, त्यामुळे त्याला माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही आणि त्यासोबत येणाऱ्या सवलतीही नाहीत. त्यानंतर सरकारने या मुलांना माजी सैनिकांची वैद्यकीय योजना लागू केली. चांगलंच झालं. पण तोवर काय होतं? करार करायला तो मुलगा फार लहान होता, आणि सैनिक म्हणून मोजला जायला फार नवा होता. होकार देतानाच तेवढा तो पूर्ण माणूस धरला गेला.

आता पुन्हा अमेरिकेकडे पाहा. मला तिथलं कौतुकास्पद वाटतं ते उन्हाळ्यातल्या आठवड्यापेक्षा एक कमी दिसणारा नियम. अ‍ॅनापोलिस किंवा वेस्ट पॉइंटला प्रवेश घेतलेला मुलगा पहिली दोन वर्षं शिकून बाहेर पडू शकतो. त्यासाठी त्याला सैन्यात सेवा द्यावी लागत नाही. तिसऱ्या वर्षाच्या उंबरठ्यावर तो औपचारिकपणे बांधील होतो. तोपर्यंत त्याने कंटाळाही पाहिलेला असतो. ब्रिटिश सैन्य सोळाव्या वर्षी मुलं घेतं, आणि त्यावर तिथे बरीच टीका होते. पण तिथेही अठरा पूर्ण होईपर्यंत सैन्य सोडण्याचा हक्क मुलाला आहे. हे लाड नाहीत. ज्याला जाता येत होतं आणि तरी जो राहिला, त्याच्या राहण्याला वजन असतं. दार बाहेरून लावून घेतल्यावर आत असलेल्या माणसाची निष्ठा मोजणार कशी?

आमच्या धंद्यात नवीन कोड लाइव्ह करण्याआधी कुणीतरी विचारतंच, रोलबॅक प्लॅन काय आहे? मागे कसं यायचं हे माहीत नसेल, तर पुढे जायची परवानगी मिळत नाही. हा नियम भित्र्यांनी केलेला नाही. रात्री तीन वाजता सगळं पडलेलं पाहिलेल्या लोकांनी केलेला आहे. म्हणूनच मघाचा संभाजीनगरचा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. मुलगा दोन वर्षं रोज त्या जगाच्या जवळ राहतो, आणि नाही जमलं किंवा नाही वाटलं, तर बारावीची गुणपत्रिका त्याच्या हातात असते. सात दिवसांच्या झगमगाटापेक्षा ही ओळख जास्त खरी आहे.

पण नियमातलं दार पुरेसं नसतं, आणि इथे प्रश्न सैन्याकडून आपल्याकडे येतो. आमच्याकडे निवड झाली की चौकात फ्लेक्स लागतो. मुलाचा फोटो, खाली 'शुभेच्छुक' म्हणून पंचवीस चेहरे. परत आलेल्याचा फ्लेक्स कुणी लावत नाही. फ्लेक्स जेवढा मोठा, तेवढं परतीचं दार लहान होत जातं. माझ्या मामेभावाला चौथ्या रात्री कुठल्या बाँडने अडवलं नव्हतं. सोसायटीने अडवलं होतं.

आणि दुसरीकडे पर्याय काय आहेत? चाकणला हजारो पोरं व्हेंडर कंपन्यांमध्ये कंत्राटावर काम करतात. आज शिफ्ट आहे, उद्या असेलच असं नाही. अशा पोरासमोर अग्निवीरची चार वर्षं येतात, पुढे जास्तीत जास्त पंचवीस टक्के कायम होणार हे त्याला माहीत असतं, आणि तरी तो पहाटे पळतो. तो स्वेच्छेने पळतो, हे खरं. पण ज्याच्यासमोर दुसरं बरं दार नाही, त्याच्या स्वेच्छेवर आपण फार आनंदाने टाळ्या वाजवू नयेत. त्याचा होकार स्वतंत्र करायचा असेल, तर सैन्याची ओळख करून देण्याइतकंच चाकणची नोकरी माणसासारखी करणंही गरजेचं आहे.

कुणी म्हणेल, परतीच्या दाराची चर्चा ज्यांना आत शिरता येतं त्यांचीच चैन आहे. हे म्हणणं मला मान्य आहे. मुलींसाठी एनडीएचं पुढचं दारच २०२१ पर्यंत बंद होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी परीक्षेला बसू द्यायला सांगितलं, २०२२ मध्ये एकोणीस मुलींची पहिली तुकडी आत गेली, आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतल्या सतरा जणी पदवीचं संचलन करून बाहेर पडल्या. त्यांच्या आधीच्या मुलींना 'नको' म्हणायची संधीच नव्हती, कारण 'हवं' म्हणायची नव्हती. दोन्ही दारं हवीत, आणि उघडायचा क्रम पुढच्या दारापासूनच सुरू होतो. मात्र एक उघडलं म्हणून दुसऱ्याचं विसरायचं नाही.

तेव्हा शिबिरं बंद करा असं माझं म्हणणं नाही. मुलांना पाठवा. पहाटे उठणं, दुसऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळवणं, थकल्यावरही शंभर मीटर पळता येतं हे कळणं, हे सगळं चांगलंच आहे. उद्या खडकवासल्याने असा एखादा उन्हाळी आठवडा सुरू केला, तर मला आनंदच होईल. फक्त कुठल्याही ओळखीचं मोल मी एकाच गोष्टीवरून ठरवेन: तिथून आलेली किती मुलं मान खाली न घालता "नाही" म्हणू शकली. एकही मुलगा "नाही" म्हणत नसेल, तर ती ओळख नसून भरती आहे, असं समजायला हरकत नाही.

तुमच्या घरातलं कुणी या मे महिन्यात बॅग भरत असेल, तर बुटांना पॉलिश झालं का हे विचाराच. सोबत एवढंही सांगा, की मध्येच फोन केलास तरी मी येईन, आणि घरी आल्यावर कुणी काही विचारणार नाही. फी बुडाली तर बुडाली. इतकं ऐकूनही जो दहा दिवस टिकेल, आणि वर्षभराने शांतपणे फॉर्म भरेल, त्याचा होकार बऱ्याच अंशी त्याचा स्वतःचा असेल. देशाला उपयोग अशाच होकाराचा आहे.